चिरंजीवांचं स्वतंत्र पान

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.
संकल्प. २२ फेब्रुवारीला पन्नास पूर्ण. त्याआधी इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात माझं स्वतंत्र पान. आबांचं आहेच. वामन तामोरे, चिंचणी, कबड्डी, भारतीय संघ, चढाईचा बादशहा वगैरे. त्यात मी कुठेच नाही. जन्मभर ‘वामन तामोरेंचा मुलगा’ ऐकतोय. आता दर्पण तामोरे. बस.

४ जानेवारी.
पान तयार. ‘दर्पण तामोरे हे क्रीडाक्षेत्रातलं अष्टपैलू व्यक्तिमत्त्व आहे.’ स्वतःबद्दल स्वतः लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून ‘तटस्थ’ या नावाने लिहिलं. बायकोने, म्हणजे रुचिताने, विचारलं, कुठली क्रीडा? कॅरम. आमच्या एमआयडीसीतल्या कंपनीत उपविजेता, २००४. ती म्हणाली, त्या वर्षी दोघेच खेळले होते ना.

७ जानेवारी.
पानावर लाल पाटी. काढून टाकावं, असं हिमानी नावाच्या संपादिकेने सुचवलंय. तिचं म्हणणं, प्रसिद्धी वारशाने मिळत नाही. दर्पण यांच्याविषयी त्रयस्थांनी छापलेलं काही असेल तर दाखवा. आहे की! ट्रंकभर आहे.

११ जानेवारी, रविवार.
आबांचे गुडघे गेल्यापासून केळव्यापासून सफाळ्यापर्यंत कबड्डीची एक स्पर्धा माझ्या नारळाशिवाय सुरू झालेली नाही. त्यांच्या वतीने मैदानात नारळ मीच वाढवतो. एकतीस कात्रणं निघाली. बोईसरला जाऊन सगळी स्कॅन केली आणि पाठवली. आता बाई गप्प.

१३ जानेवारी.
बाई गप्प नाही. एकतीसच्या एकतीस वाचली म्हणे. सगळीकडे ‘वामन तामोरे यांचे चिरंजीव यांच्या हस्ते’. तीन ठिकाणी ‘सुपुत्र’. हे चिरंजीव म्हणजे दर्पणच कशावरून, असं विचारते. पुन्हा पाहिली. खरंच एकातही नाव नाही. छापणाऱ्यांचा हलगर्जीपणा. वीस वर्षं कात्रणं जपली, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. वाईट वाटलं.

१८ जानेवारी.
विचार केला. माझं कर्तृत्व अडतं कुठे? सकाळी. रोजचा अर्धा तास आबांच्या गुडघ्यांना तेल चोळण्यात जातो. त्या वेळात माणूस कुठल्या कुठे जाईल. उद्यापासून बंद.

१९ जानेवारी.
लावलं. थंडी आहे.

२५ जानेवारी.
मार्ग सापडला. पालघरच्या साप्ताहिकाचा वार्ताहर कुंदन पुढच्या रविवारी येतोय. विषय: मी.

१ फेब्रुवारी, रविवार.
कुंदन आला. हिमानीबाईंना बोलायला जागाच ठेवायची नाही, असं ठरवलं होतं. कुंदनला बजावलं, मजकूर त्रयस्थ हवा, मला एक अक्षर विचारायचं नाही. नावसुद्धा नाही. सगळं आबांना विचार. आणि दबाव नको म्हणून स्वतः किनाऱ्यावर जाऊन बसलो. दोन तास, सुकत घातलेल्या बोंबलांपाशी. शेजारच्या लाडकीकाकीने विचारलं, काय रं, घरातून हाकललान काय तुला? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, मंग कावळं तरी हाकल. हाकलले. कुंदन खुशीत परत गेला. आबा भरभरून बोलले म्हणे.

१५ फेब्रुवारी, रविवार.
अंक आला. पानभर मजकूर, आबांचा फोटो, मथळा ‘चढाईचा बादशहा आजही ताठ’. मी शेवटच्या परिच्छेदात. आबांचेच शब्द छापलेत: माजा बारक्या हाय म्हणून मी उबा हाय. रोज सकाली गुडघ्यांना तेल लावतो, तवा पाय चालतात. त्याच्याबिगर माजं काय खरं नाय.
बारक्या. हे माझं घरातलं नाव. पन्नाशीतही.
कुंदनला फोन केला. तो म्हणाला, नाव विचारलं तर आबांनी बारक्या सांगितलं, आणि तुम्हाला विचारायचं नाही असं तुम्हीच बजावलं होतं.

१७ फेब्रुवारी.
माझं पान काढलं. मात्र आता छापील पुरावा मिळाला म्हणून हिमानीबाईंनी आबांच्या पानात एक वाक्य घातलंय. मी ‘तटस्थ’ म्हणून आत शिरून ‘बारक्या’ खोडून ‘दर्पण’ केलं. अकरा मिनिटांत परत ‘बारक्या’. खाली टीप: बातमीत हेच नाव आहे, दुसरा पुरावा असल्यास द्यावा. आधारकार्ड पाठवलं. ते प्रकाशित साहित्यात मोडत नाही म्हणे.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.
पन्नास पूर्ण. तेल लावताना आबांनी विचारलं, तुजं ता पान निंगालं काय? नाही कसं म्हणणार. मोबाइल काढला आणि त्यांच्याच पानातलं वाचून दाखवलं. ‘त्यांना बारक्या नावाचा मुलगा असून तो त्यांच्या गुडघ्यांना रोज तेल लावतो.’
आबा म्हणाले, बरोबर लिवलाय. परत वाच.
परत वाचलं. या वेळी आवाज जरा बसला. थंडी असावी.
डावा गुडघा झाला. उजव्याला तेल पुरलं नाही. बोईसरहून दोन बाटल्या आणणे.