आपला बिल्ला आपणच उलटवायचा

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे जहाजावर. शिडी चढताना आईनं मागं वळून धक्क्यावरच्या सगळ्या अनोळखी माणसांना हात केला आणि जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका म्हणून बजावलं. हमालांनीही हसून माना डोलावल्या. आम्ही चौघं एकत्र हसलो त्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. धाकटा, म्हणजे माझा भाऊ, तर चक्क बायकोच्या बॅगा उचलत होता.

ही वही भावजयीनं दिली. ताई, जन्मभर लोकांची मापं लिहिलीत, आता चार ओळी स्वतःच्या लिहा, म्हणाली. शिवणकाम करणाऱ्या बाईला लिहिता येतं याचं तिला अजून नवल वाटतं. असो. जहाज फार मोठं नाही. गरम समुद्रातली लहान लहान बेटं बघत बघत उत्तरेच्या बंदरापर्यंत जायचं, तिथं धाकट्याची नोकरी आणि घर आहे. खर्च त्याचा. माझं तिकीट आईला सांभाळण्यासाठी काढलंय हे मला कळतं, पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत.

खोली मला आवडली. दोन पलंग, एक गोल खिडकी आणि जमिनीला पक्की ठोकलेली खुर्ची. आईनं ती खुर्ची ओढून बघितली, हलेना तेव्हा तिला रागावली. माझं निळं जाकीट खुंटीला टांगलं. प्रवासासाठी म्हणून मीच शिवलंय, आईच्या गोळ्या, चष्मा, पाण्याची बाटली सगळं मावेल असे खिसे लावून.

आईनं बसल्या बसल्या हातरुमालाला गाठ मारली. कशाची गाठ म्हणून विचारलं, तर विसरू नये म्हणून, म्हणाली. काय विसरू नये? त्यावर म्हणते, ते आठवत असतं तर गाठ कशाला मारली असती, मुंगे?

मुंगी म्हणजे मी. लहानपणी सारखी काहीतरी उचलून नेत असायची म्हणून. आई धाकट्याला आता साहेब म्हणते आणि भावजयीला नर्सबाई. सगळी नावं पुसली गेली, एवढं एक राहिलं. मला त्याचा आनंद होतो. लपवून काय करायचं?

५ फेब्रुवारी

पहिलं बेट. उतरायची इथली पद्धत मजेशीर आहे. दाराशी एक लाकडी फळा आहे, त्यावर खिळ्यांना प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला. एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं लाल. रबरी होडीत बसायच्या आधी आपला बिल्ला लाल करायचा, परत आलं की पांढरा. सगळा फळा पांढरा झाला की जहाज नांगर उचलतं.

आम्हाला बेटांवर हिंडवणारे एक मास्तर आहेत, पक्ष्यांची नावं सांगतात. त्यांनी दोनदा बजावलं की आपला बिल्ला आपणच उलटवायचा. नवऱ्यानं बायकोचा नाही, आईनं लेकराचा नाही. एका गृहस्थांनी विचारलं, चुकून उलटवला तर? मास्तर हसले नाहीत. या जहाजाचा फळा कधी चुकलेला नाही, एवढंच म्हणाले.

आईनं स्वतःचा बिल्ला स्वतः उलटवला. मी फक्त हात धरून दाखवला.

८ फेब्रुवारी

आज जेवणाच्या टेबलावर कळलं. तेही मला कुणी सांगितलं नाही. भावजय शेजारच्या बाईंना सांगत होती की बंदरापासून जवळच एक फार छान वृद्धाश्रम आहे, आईंसाठी खोली घेऊन ठेवलीय, खिडकीतून बाग दिसते. आई समोरच बसून चमच्यात स्वतःचं तोंड बघत होती.

म्हणजे ही सहल नव्हे, पाठवणी आहे. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, ताई, तुझंही वय झालंय, किती दिवस करशील? मी किती दिवस करीन हे त्यानं मला कधी विचारलं होतं? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तोही सहलीला नेऊन.

बंदर यायच्या आत त्याचं मन वळवायला हवं. आईला मी माझ्याकडे परत नेईन.

१० फेब्रुवारी

घडलं तसं नीट लिहिते.

सकाळपासून मला उलट्या होत होत्या. धाकटा म्हणाला, तू पडून राहा, आईला आम्ही नेतो. बेट हिरवं गच्च, किनाऱ्यावर उंच गवत आणि मागे झाडी. मी खिडकीतून होड्या जाताना पाहिल्या. आईनं खिडकीकडे बघून हात केला.

दुपारी इंजिन सुरू झालं. दार उघडून धाकटा आत आला, एकटाच. आई कुठं विचारलं तर म्हणाला, हिच्याबरोबर. मागोमाग भावजय आली. ती म्हणाली, तुमच्याबरोबर नव्हत्या? दोघं वेगवेगळ्या होड्यांतून आले होते.

आम्ही दाराकडे धावलो. फळा पूर्ण पांढरा. आईचा बिल्लाही. धाकट्यानं तिथंच कबूल केलं की स्वतःचा उलटवताना त्यानं तिचाही उलटवला. ती मागच्या होडीत आहेच असं धरून. आमच्या घरची खोडच ही. आईच्या वतीनं उत्तर द्यायचं, आईच्या वतीनं सही करायची, आईला विचारायचंच नाही.

मी जहाज थांबवा म्हणून ओरडले. दारावरच्या खलाशानं फळ्याकडे बघितलं आणि आधी जहाजात शोधू म्हणाला. आणि आई सापडली. वाचनाच्या खोलीत, खिडकीशी, मांडीवर हात ठेवून बसली होती. बूट कोरडे, केस विंचरलेले. सगळे हसले. भावजय रडली. मीही रडले.

कोणत्या होडीतून आली, ते मात्र कुणालाच आठवत नाही.

११ फेब्रुवारी

आई बरी आहे. नुसती बरी नव्हे, उत्तम आहे. सकाळी उठून स्वतः आवरलं, धाकट्याला नावानं हाक मारली. तो खुर्चीत बसला तो उठेचना. भावजयीला नावानं. मास्तरांना कालच्या पक्ष्यांची नावं क्रमानं म्हणून दाखवली. दुपारी पत्त्यांत तिघांना हरवलं. समुद्राची हवा मानवली म्हणतात सगळे.

मलाही नावानंच हाक मारते. पूर्ण नावानं, शाळेत हजेरी घेतात तशी.

रुमाल घडी घालून खिशात आहे. गाठ नाही.

१३ फेब्रुवारी

जिन्यावरून घसरून पडल्यापासून आईचा डावा खांदा बोटभर खाली आहे. तिच्या प्रत्येक झग्याला डावीकडे मी आतून गादी शिवते, म्हणजे बाहेरून कळत नाही. आज तिला झगा घालायला दिला तर डावी बाजू वर उचलली गेली. मी हात लावून पाहिला. दोन्ही खांदे सारखे. हाड मोडल्याची खूण हाताला लागत नाही. पस्तीस वर्षं मापं घेतली आहेत, माझा हात चुकत नाही.

तिच्या पलंगावर सकाळी बारीक वाळू असते. ती तर त्या दिवसानंतर कुठं उतरलेलीच नाही.

दुपारी तिनं गोड आवाजात विचारलं, मी तुला लाडानं काहीतरी म्हणायचे ना गं? काय बरं?

मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

१४ फेब्रुवारी

कप्तानाला जाऊन भेटले. जहाज मागं फिरवा म्हटलं, माझी आई बेटावर आहे. त्यांनी काचेतून बोट दाखवलं. डेकवर ती चहा पीत बसली होती. तुमच्या आई त्या बसल्यात, मग आणायला कुणाला जायचं, असं अगदी सभ्यपणे विचारलं. फळा पांढरा आहे, म्हणाले. जहाजाच्या डॉक्टरांनी मला झोपेची गोळी दिली. मी समुद्रात टाकली.

आई तिथं एकटी आहे. गोळ्या माझ्या खिशात. तिला तहान लागली की ती सांगत नाही, ओठ चाटते. ते कुणाला कळणार तिथं?

१५ फेब्रुवारी

धाकट्याला कठड्याशी गाठलं. ही आई नाही, हे तुला दिसतं की नाही, असं सरळ विचारलं. वाटलं होतं, वेडी म्हणेल. तसं म्हणाला नाही. पाण्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, दिसतं. पण ताई, तुझं नाव तिला शेवटपर्यंत आठवत होतं. मला चार वर्षं ती साहेब म्हणत होती. ही मला नावानं हाक मारते.

मग म्हणाला, तिला तरी कुठं काय कळत होतं?

मी त्याच्या थोबाडीत मारली. लहानपणीसुद्धा कधी मारलं नव्हतं.

संध्याकाळी भावजय हसतमुखानं सांगायला आली. आश्रमाचं रद्द केलं. आई आमच्याकडेच राहतील, काही म्हणून करावं लागत नाही त्यांचं. ताई, तुम्ही सुटलात. गरज सरो, वैद्य मरो.

भावजयीच्या मागं ती उभी होती. माझ्याकडे बघून मान डोलावत होती. वाऱ्यात सगळ्यांचे डोळे मिचकत होते, तिचे नाही.

१६ फेब्रुवारी

पुढं वादळ आहे. उत्तरेची वाट बंद. कप्तानानं जहाज मागं वळवलं, त्याच बेटाच्या आडोशाला थांबणार. मी विनवण्या केल्या तेव्हा हललं नाही, वाऱ्यानं हलवलं.

आई, आले गं.

ती आज कुणाशी बोलली नाही. दिवसभर दाराशी फळ्यासमोर बसून होती.

१७ फेब्रुवारी, सकाळ

बेट समोर आहे. तेच गवत. लोक कंटाळलेत म्हणून थोडा वेळ उतरू देणार आहेत. आई आत गेली असेल, तर तिला हुडकायला एवढा वेळ पुरला पाहिजे. जाकिटात पाणी, गोळ्या, चष्मा, बिस्किटं, ही वही. धाकटा येत नाही म्हणाला. माझ्याकडे बघतही नाही.

बिल्ला मी स्वतः लाल केला. ती जवळच उभी होती. म्हणाली, तू सावकाश ये हं. तुझा बिल्ला मी उलटवीन.

मी म्हटलं, हात लावायचा नाही. दारावरच्या खलाशालाही बजावलं. तो हसला. आईच आहेत ना तुमच्या, म्हणाला.

दुपार

आईचा रुमाल सापडला. सपाट दगडावर. चारही टोकांना गाठी.

आणि पुढं गवत — गवताच्या पात्यांना गाठी मारल्यात. एकेक पातं घेऊन. वाटभर, झाडीपर्यंत. विसरू नये म्हणून. कुणीतरी येईल, आपल्याला थांबायचंय, हे विसरू नये म्हणून. किती मारल्यात — बोटं सोलली असतील तिची —

हाका मारल्या. उत्तर नाही. झाडीत जाणार तेवढ्यात —

भोंगा.

धावत किनाऱ्यावर आले. होड्या नाहीत. सगळ्या वर घेतल्या. मी अजून इथं आहे, माझा बिल्ला लाल —

नाही. लाल नसणार.

नांगर उचलला —

कठड्याशी चौघं उभे आहेत. धाकटा. भावजय. ती. आणि निळ्या जाकिटातली एक बाई. माझं जाकीट तर माझ्या अंगात आहे. तिनं हात केला. मला.

धाकट्याला मी दिसतेय. नक्की दिसतेय. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग शेजारी तिच्याकडे — आणि मान खाली घातली.

आता त्याला ताईही मिळाली. न चिडणारी. थोबाडीत न मारणारी. उत्तरेच्या बंदरात चौघं उतरतील, मोजायला कुणी कमी नाही.

घसा बसला. जहाज लहान झालंय. लिहितेय म्हणजे मी मीच आहे —

हाक आली.

मागून, झाडीतून. मुंगे.

ते नाव मी तिला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. त्या नावानं मला एकच माणूस हाक मारतं —

पुन्हा. मुंगे, इकडे ये.

आईच. आवाज आईचाच. पाणी काढून ठेवते, तिला तहान लागली असेल — आले गं, आले —

पण हाक इतक्या उंचावरून कशी