घोडे कुणी धरले?

प्रिय क्लॅरी,

चष्मा सापडत नसेल तर व्हेरावहिनीकडून वाचून घे, पण पत्र पुरतं वाच. अर्धं वाचून बंब पेटवायला घेऊ नकोस.

सिडनीला जाऊन सतरा साली आपल्या ऑस्ट्रेलियन घोडदळाने तुर्कांवर केलेल्या बीरशेबाच्या हल्ल्याचा तो सिनेमा पाहून आलो. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांनाच त्यांनी वाळवंट केलंय. घोडे असे गुबगुबीत की दोन दिवस पाण्यावाचून काढलेला त्यात एकही दिसत नाही. टोप्यांतली एमूची पिसं मात्र झकास! इंग्रज शिपायांना तू ती कांगारूची पिसं म्हणून सांगायचास आणि ते बिचारे माना डोलवायचे, ते आठवून मी एकटाच हसत बसलो.

घोडे चौखूर सुटले तसं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मग खंदकापाशी शिपाई खाली उड्या मारतात आणि संगिनी घेऊन तुर्कांवर तुटून पडतात. शेजारी बसलेली माझी लेक एनिड हळूच म्हणाली, "बाबा, पण यांचे घोडे कुठे गेले?" पडद्यावर एकही घोडा नव्हता.

टेड, मिक, मी आणि चौथा तू. खाली उतरलं की तिघांनी लढायचं आणि चौथ्याने चारही घोडे धरायचे, हा आपला नियम. पुढे पबमध्ये मिक ओरडायचा, "क्लॅरी लढला तो घोड्यांच्या शेपटांशी!" सगळ्यांबरोबर तूही हसायचास. मग हळूहळू आपल्या जुन्या शिपायांच्या मेळाव्यांना यायचाच बंद झालास.

मांडीत गोळी घेऊन मी सरपटत मागे आलो, तेव्हा घोड्यांची आशा सोडली होती. विहिरींचा वास लागलेली चार तहानलेली जनावरं, वरून विमान बॉम्ब टाकतंय. कोण धरून ठेवील? तू ठेवले होतेस. तळहातांची सालटी निघाली होती तुझ्या. मला घोडीवर चढवताना म्हणालास, "किती उशीर रे लेका, ही डॉली कंटाळली की!" डॉक्टरपर्यंत पोचलो म्हणून जगलो. लग्न, एनिड, ही मेंढरं, माझं त्यानंतरचं सगळं आयुष्य तुझ्या त्या मुठीने राखलंय. तुझे उपकार फार मोठे आहेत, क्लॅरी. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही, पण आज बोलतो.

शनिवारी तो सिनेमा आपल्या गावात लागतोय. आपल्या चौघांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या राखून ठेवल्यात. टेड आणि मिक तर आता या जगात नाहीत, त्यांच्या रिकाम्याच राहतील. आणि तू म्हणे व्हेराला म्हणालास, "त्यात मी कुठाय? मी नाही जाणार." म्हणून हे पत्र. या नव्या युद्धामुळे पेट्रोल रेशनवर आहे, तेव्हा तू घोडागाडीनेच येशील. मी दाराशी उभा असेन. लगाम माझ्या हातात दे आणि आत जाऊन पुढच्या रांगेत बस. या खेपेला घोडा मी धरतो.

तुझाच,
आल्फ