फक्कीचं वर्तुळ

३ जानेवारी १९५५, कळवा

भूमितीच्या तासाला पुठ्ठ्याचे आकार. गुरुदत्त सरांनी दंडगोल उचलला — "याला वर्तुळाकार पृष्ठं किती?" दोन. शंकूला एक. मग खिशातून लिंबू काढलं. मी म्हटलं, "एकही नाही." — "बरोबर, गोदा. म्हणून गोळाफेकीला गोळ्याचं वर्तुळ आपण जमिनीवर काढून देतो." वर्ग हसला. खेळही सरच शिकवतात.

संध्याकाळी सरावाला मी आणि व्हिक्टोरिया, दोघीच. ती बरी फेकते. माझा गोळा तिच्याही पुढे पडतो. रविवारी ठाण्याला सामने, जिंकेल ती मुंबईला जाणार. घरी आयने खांद्याला खोबरेल चोळलं. बाबा मिठागरावरून आले, जेवले, एक शब्द नाही.

६ जानेवारी

बाबा बोलले. "घोड्यासारखी वाढली, आन् लोकांसमोर उड्या मारते."

९ जानेवारी, रविवार

मी हरले नाही. मला हरवलं.

आधीच्या फेका वाया गेल्या, भीतीने हात आखडला होता. शेवटची मात्र हातातून सुटली तेव्हाच कळलं. सगळ्यांच्या खुणा ओलांडून पडली! आणि वर्तुळापाशी लाल निशाण वर. पंच आमचेच सर. "पाय बाहेर. फेक बाद."

खाली पाहिलं. पांढऱ्या फक्कीची रेघ जशीच्या तशी, कुठे पुसलेली नाही. म्हटलं, "सर, रेघ बघा ना." त्यांनी रेघ पाहिली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

व्हिक्टोरिया पहिली आली. हात धरायला आली, मी झटकला.

१० जानेवारी

व्हिक्टोरिया मधल्या सुट्टीत म्हणाली, "रेघ मला पण दिसलेली गं." मग काल जीभ कुठे गेली होती? कंपास तिच्या बाकावर आदळून निघून आले. नंतर सर फळ्यावर वर्तुळ काढत होते. त्यांचा हात किती सरळ चालतो! खोटं बोलणाऱ्याचा चालतोच.

१२ जानेवारी

सरांना नमस्कार करायचं सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणजे ठाऊक आहे.

१५ जानेवारी

आय बोंबील साफ करत बसली होती. तिच्यापाशी सरांना मनातलं सगळं बोलून घेतलं — लबाड, भित्रा, विकला गेलेला माणूस. ती ऐकत होती. मग विळी आडवी केली.

"मास्तरांना बोलू नको. मीच गेलते त्यांच्याकरं."

मला आधी कळलंच नाही.

"तुजा बापूस बोललता, मुंबईला जायाचा ठरला त शाला बंद, लगीन लावून टाकीन. मॅट्रिक कशी झाली असतीस गो?"

मी विचारलं, आणि सर लगेच हो म्हणाले?

"नाय. दोनदा मना परत धाडला. मंग मी त्यांचं पाय धरलं."