क्ष म्हणजे पाच

सीताबर्डी, नागपूर
११ ऑगस्ट १९६८

चि. गोपिकास अनेक आशीर्वाद.

परवा दुकानात एका रेडिओचं पोट उघडून बसलो होतो, तेव्हा तुझं पत्र आलं. त्यातली एक ओळ वाचली आणि तेव्हापासून मी पहिल्यासारखा राहिलो नाही. धानाचं रोवणं आटोपलं, म्हैस आटली, आईचा गुडघा दुखतो, एवढं सगळं लिहून शेवटी तू सहज लिहिलंस की हेडमास्तरांनी तुला दहावीत साध्या गणितात बसवलं ते एका परीनं बरंच झालं. बीजगणिताच्या पुस्तकात म्हणे छापण्याच्या चुकाच फार. क्ष म्हणजे पाच असूनही निम्मी गणितं पाच घालून सुटतच नाहीत.

मी आधी हसलो. इतका की ओमप्रकाश शेठनी गल्ल्यावरून विचारलं, जबलपूरवाली की चिट्ठी आयी क्या. मग हसू थांबलं ते थांबलंच.

गोपे, क्ष म्हणजे पाच हे तुला कोणी सांगितलं वं? आठवीच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर जे पहिलं उदाहरण सोडवलं असेल, त्याचं उत्तर पाच आलं असेल. ते तू मनाशी पक्कं धरलंस आणि दोन वर्षं तेच धरून चाललीस. अगं, क्ष कोणीही असू शकतो. तीन, सात, शंभर. ज्या गणितात जो बसेल तो.

आणि या एवढ्याशा गोष्टीपायी तुझे आठवी-नववीचे गुण गेले. साधं गणित घेऊन अकरावीला मॅट्रिक झालीस तर कॉलेजात सायन्सचं दार बंद. मी सोडून आलेली पदार्थविज्ञानाची पुस्तकं तू माळ्यावर बसून वाचतेस, हे आईनं मला सांगितलंय. मी येतो आणि त्या गोपाळराव हेडमास्तरांना चांगलं ऐकवतो. तोवर रोज एक गणित पाठवत जा, मी तपासून देतो.

आईला माझ्याकडून सांभाळ. बाबांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

तुझा दादा,
वसंत

मौदा
२० ऑगस्ट १९६८

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दिवसभर मी माळ्यावरून खाली उतरली नाही. आईला वाटलं ताप आला, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

पण तू समजतो तेवढी मी मठ्ठ नव्हती. प्रत्येक गणितात मी पाच घालून पाहायची. नाही जुळलं तर किती कमी पडते ते पाहायची. समज, तीन क्ष अधिक दोन बरोबर तेवीस. पाच घातला तर सतराच होतात, सहा कमी. क्ष एकानं वाढला की इकडे तीन वाढतात, म्हणजे तो दोनानं वाढायला पाहिजे. मंग मला कळायचं की छापणाऱ्यानं इथं सात धरला असंल. असं मी अख्खं पुस्तक पाहून ठेवलं. परीक्षेत मात्र प्रामाणिकपणे लिहायची, क्ष पाच आहे, गणित चुकीचे आहे. गुरुजी भोपळा द्यायचे. मला वाटे, पुस्तकाची चूक काढली म्हणून रागावले.

आता एक विचारते. क्ष कोणीही असू शकतो म्हणतोस, तर तो आधीपासून ठरलेला असतो आणि आपल्याला फक्त सापडतो, की आपण सोडवल्यावर ठरतो? झोपताना हेच डोक्यात असते.

हेडमास्तर म्हणतात, दिवाळीनंतर त्यांच्यासमोर बीजगणित सोडवून दाखवलं तर परत त्या वर्गात बसवतील. नाही तर नाही. म्हणून हात जोडते, तू भांडायला येऊ नको. तुझं भांडण मला माहीत आहे. कॉलेजात सरांनी खिडकीबाहेर काय पाहतो विचारलं, तर तू स्टूल लाथाडून जो निघाला तो अजून परत गेला नाही. तुझ्या त्या जबलपूरच्या मुलीबद्दल आई विचारून राहिली. मी तिला सांगितलं, मी नाही विचारणार.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
गोपिका

मौदा
ता. ६ ऑक्टोबर

चि. वसंतले आशीर्वाद.

कारड लिहाचं कारण की पोरगी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून राहिली. सारी भिंत भरली. माह्या बैलायलेही आता क्ष समजत असंन. तू काय शिकवून राहिला मले समजत नाही, पण ते हासते, जेवते, अन् पुन्हा लिहाले जाते. असं पोरगं मी पाह्यलं नाही. दिवाळीले ये. भांडाले नको येऊ, पाहाले ये. तुले कालेज सोडल्यापासून मी कारड लिहिलं नव्हतं, हे ध्यानात ठेवजो.

तुहा बाप, रुपराव

मौदा
३ नोव्हेंबर १९६८

ती. दादास कृ. सा. न.

शेवटी तू तेच केलं. हेडमास्तरांच्या टेबलावर हात आपटला, पोरीचं वाटोळं केलं म्हणाला, आणि तरातरा नागपूरच्या बसमध्ये जाऊन बसला. आता पुढचं ऐक, कारण पाहायला तू थांबला नाहीस.

बराच वेळ ते पंख्याकडे पाहत होते. मला वाटलं, संपलं. मंग म्हणाले, भाऊ तर पाहिला, आता तू ये. खडू दिला. मी पहिल्याच गणितात पाच घातला. त्यांनी विचारलं, आता तर तुला समजलं ना, मग अजून पाच काहून? मी म्हटलं, गुरुजी, पाच माझ्या ओळखीचा आहे. कुठून तरी निघावं तर लागते.

ते खुर्चीवरून उठून फळ्याजवळ आले. एकामागून एक गणितं देत गेले, मी पाचावरून निघत गेली आणि पोचत गेली. शाळा सुटली, शिपाई दारं लावायला आला, त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. शेवटी फार हळू आवाजात म्हणाले की जुन्या गणितात अशीच एक रीत आहे. मनाची एक संख्या धरायची, ती किती चुकते ते पाहायचं, आणि त्या चुकीवरूनच खरी संख्या काढायची. त्या धरलेल्या संख्येला इष्ट म्हणतात. ही मोठमोठ्या गणित्यांची रीत, मला कोणी शिकवली? मी सांगितलं, कोणी नाही, मला वाटलं पुस्तक चुकलं. त्यांनी डोळे पुसले, खडूच्या धुळीनं असतील.

सोमवारपासून मी बीजगणिताच्या वर्गात आहे. तुझ्यावर त्यांचा राग नाही. म्हणाले, तो तापट आहे, पण त्याची तक्रार बरोबर होती.

गोपिका

सीताबर्डी
९ नोव्हेंबर १९६८

चि. गोपिकास आशीर्वाद.

मी तिथं नव्हतो. हे वाक्य मी दुकानात, खाणावळीत, रस्त्यानं चालताना मनाशी म्हणतो आहे. त्या फळ्यासमोर मी नव्हतो.

तुला शिकवतो म्हणून मी तोऱ्यात होतो. खरं सांगतो, कॉलेजात इतके दिवस बसलो, पण क्ष आधीपासून ठरलेला असतो की नाही हे माझ्या मनात कधी आलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. यापुढची गणितं गोपाळरावांना दाखवत जा. त्यांना माझा नमस्कार सांग. खरा सांग.

वसंत

मौदा
१४ जून १९७०

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

मॅट्रिकचा निकाल तुला तारेनं कळलाच आहे. पहिला वर्ग. बीजगणितात शाळेत माझ्यावर कोणी नाही. बाबा पेढे घेऊन हेडमास्तरांकडे गेले आणि पुडा टेबलावर ठेवून परत आले. आई म्हणते, गोठ्याची भिंत सारवायची नाही.

सोमवारी सकाळच्या बसनं येते. कॉलेजात सायन्सचे दोन फॉर्म घ्यायचे आहेत. दुसरा कोणासाठी, हे बाबांनीच मला सांगितलं.

आता एक लहान तोंडी मोठा घास. जबलपूर हे तू इष्ट धरलं. धरण्यात चूक नाही, कुठून तरी निघावं लागते. पण पत्रामागून पत्र गेलं, उत्तर आलं नाही, तरी किती कमी पडते ते तू एकदाही मोजलं नाही. उलट गणितच चुकीचं आहे म्हणून पेपर टाकून उठला. मी दोन वर्षं तेच केलं, म्हणून मला लगेच ओळखू आलं.

रागावशील. रागाव, पण बसस्टँडवर येऊन रागाव.

तुझी,
गोपिका

सीताबर्डी
सोमवार, सकाळ

चि. गोपिकास,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देणार.

रागावलो होतो. काल दिवसभर ओमप्रकाश शेठचं डोकं खाल्लं. रात्री मात्र झोप लागली, फार दिवसांनी. सकाळी उठून धुतलेला सदरा घातला. शेठ म्हणाले, दुकान कहाँ भाग रहा है, कॉलेज छूटने के बाद आया कर.

तिथं शिकवणारे मोठे लोक आहेत, गोपे. स्टूल लाथाडलेल्या माणसाला ते परत बसू देतात का, माहीत नाही. बसू दिलं तर आपण दोघं मिळून तुझा तो प्रश्न विचारू. तो आधीपासून ठरलेला असतो की सोडवल्यावर ठरतो. मला वाटतं, ऐकून तेही थोडा वेळ पंख्याकडे पाहतील.

बसची वेळ झाली. या शेवटच्या ओळी कागद दाराला टेकवून लिहितोय, बाहेरून. कडी घातली.