उभी राहिली की थरथरते

२ नोव्हेंबर

चि. वॉरन यास,

आशीर्वाद. मी बरी आहे, घर बरं आहे, पहिला बर्फ पडून गेला, छपरावर अजून साचलेला नाही. शेरिलचा खोकला गेला का? तिला म्हणावं, दुकानातलं गोड औषध पिऊ नकोस, गरम पाण्यात मध घे. एवढं विचारून झालं. आता कामाचं.

तू माझ्या गाडीला काय करून गेलास?

फोनवर विचारलं तर म्हणालास, "आई, मीटिंगमध्ये आहे." म्हणून लिहिते आहे. पत्राला मीटिंग नसते.

गेल्या महिन्यात तू आलास, शनिवार-रविवार अंगणात ब्यूकखाली पडून राहिलास. तेल बदललंस, प्लग बदललेस, हवेचा फिल्टर नवा घातलास. मला किती बरं वाटलं होतं! मी मैत्रिणींत मिरवलं, लेम्पीला तर ऐटीत सांगितलं, पोरगा मिलवॉकीहून आईच्या गाडीसाठी आला. तू गेलास आणि गाडी थरथरायला लागली. रस्त्यावर धावते तेव्हा तक्रार नाही. पण सिग्नलला उभी केली की ताप भरल्यासारखी हुडहुडते. आरसा हलतो, मागची एक गाडी दोन दिसते. स्टिअरिंग धरलं की हात कोपरापर्यंत झिणझिणतो. अ‍ॅक्सिलरेटर जरासा दाबून धरला तर शांत, पाय काढला की पुन्हा तेच. शुक्रवारी एकदा बंदही पडली. विशेष काही झालं नाही.

अर्धं आयुष्य मी स्पेअर पार्टच्या काउंटरमागे काढलं आहे, हे तू विसरला नसशील. तुझ्या शाळेचे बूट त्याच काउंटरवरून आले. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगायचे: सर्व्हिसिंगनंतर गाडी बिघडली तर जिथे हात लागलाय तिथे आधी बघा. इथे हात तुझा लागलाय. तेव्हा आठव आणि कळव. काय ढिलं राहिलं, काय लावायचं विसरलास?

डोळ्यांचं विचारू नकोस, ठीक आहेत.

तुझी,
आई

•

९ नोव्हेंबर

चि. वॉरन,

फोन केलास, बरं केलंस. "ती जुनी झालीये आई, काढून टाक," हे एका फोनमध्ये इतक्या वेळा म्हणालास की मला वाटलं समोर कागद धरून वाचतोयस. जुनी तर मीही झाले. मलाही काढून टाकायचं आहे का? कुठे फोन करायचा त्यासाठी?

मी विचारलं काय, तू बोललास काय! मी विचारलं, प्लग काढताना कुठली वायर ओढली गेली का? तू म्हणालास, "हिवाळ्यात गाडी कशाला हवी तुला?" सांगते कशाला हवी. लेम्पीची मूत्रपिंडं वसंतातच गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला मी नेते. आपल्या गावातून तिकडे बस नाही. तुला हे माहीत नाही, कारण "कशी आहेस" या पलीकडे तू मला कधी काही विचारत नाहीस, आणि त्याचंही उत्तर ऐकून घेत नाहीस. या आठवड्यात मी एक पाय ब्रेकवर आणि एक अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून तिला नेलं-आणलं. या वयात!

काल शेजारच्या रेनोला बोलावलं. त्याची पत्रपेटी मी सप्टेंबरमध्ये गाडीने आडवी केली होती, आणि ते त्याने तुला लगोलग कळवलं होतं, हे मला कालच समजलं.

"मी सहज बोललो गं," रेनो म्हणाला.

"सहज बोलायला तुला थेट मिलवॉकीचाच नंबर सापडला?"

"काळजीपोटी, सायमा."

"काळजी होती तर पेटी रस्त्यापासून हातभर आत रोवायचीस."

रेनोचं म्हणणं पडलं, पेट्रोलमध्ये पाणी गेलं असणार. कुठलंसं औषध आणून त्याने टाकीत ओतलं. गाडी हुडहुडतच राहिली, वर सगळ्या अंगणात वास. मग मी त्याला टॉर्च धरायला उभं केलं आणि सहाही प्लग स्वतः काढून पाहिले. वॉरन, काय सुरेख बसवलेस! फट मापात, आट्यांना वंगण, वायरी एकीवर एक न चढवता जिथल्या तिथे. फिल्टर नीट, त्याच्या डब्याचे चारही चिमटे लागलेले. मला क्षणभर इतका अभिमान वाटला की मी रेनोला ओढून ते दाखवलं. आणि हात पुसता पुसता मनात आलं, इतकं नेटकं काम करणारा माणूस विसरला तरी काय असेल?

अजून एक. गाडी बंद पडली होती, म्हटल्यावर तू "कुठे? कुठे पडली?" असं इतक्या घाईने विचारलंस, की मी सांगायची थांबले. अजूनही सांगत नाही.

आई

•

१६ नोव्हेंबर

वॉरन,

नळी सापडली.

शनिवारी सकाळी मी बागेच्या पाइपचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनावरून फिरवत गेले. मागच्या बाजूला, जिथे हात वाकडा केल्याशिवाय पोचत नाही, तिथे व्हॅक्यूमच्या नळीतून भलती हवा आत ओढली जात असल्याची फुसफुस ऐकू आली. मी चाचपत बोट घातलं. बोट टेकलं आणि इंजिन एकदम शांत झालं. काढलं, की थरथर. पुन्हा टेकवलं, पुन्हा शांत. तशीच उभी राहिले किती वेळ, बोट ठेवून.

रेनो म्हणाला, "जुनं रबर, भेगाळलं असणार."

रबर भेगाळतं ते कसं दिसतं, हे मला तो सांगणार! भेगा वेड्यावाकड्या जातात, कडा कोरड्या होऊन भुगा पडतो. ही नळी ब्लेडने कापलेली होती. कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. आणि कापलेली बाजू फिरवून खाली केलेली, वरून बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. तेवढा विचार तू केलास.

"हो," मी रेनोला म्हटलं, "जुनं रबर." आणि त्याला घरी पाठवलं.

मग तुला फोन केला. तू म्हणालास, "सांगून ऐकलं असतंस का तू? पत्रपेटीच्या जागी एखादं पोर असतं तर? मला वाटलं, गाडी त्रास द्यायला लागली की तू आपणहून कंटाळशील. नुसती थरथरेल, आई, बाकी काही होणार नव्हतं."

मी फोन ठेवला, कारण तोंडातून जे आलं असतं ते परत घेता आलं नसतं. आता बाकी काय झालं ते वाच. उभ्याने वाचू नकोस.

गाडी बंद पडली त्या शुक्रवारी मी लेम्पीला डायलिसिसहून परत आणत होते. तिथून निघते तेव्हा ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी असते, डोकं काचेला टेकून पडते. पुलाच्या अलीकडे, जिथे उतारावरून हमरस्ता खाली येतो, तिथे मी गाडी थांबवली. दोन्हीकडे पाहिलं, पूर्ण मान वळवून पाहिलं, कारण डाव्या डोळ्याने मला हल्ली कमी दिसतं. हो, कमी दिसतं. रस्ता मोकळा होता. मी निघाले आणि बरोबर मध्यावर इंजिन गेलं. स्टिअरिंग दगडासारखं जड. किल्ली फिरवते तर नुसती खरखर. आणि उतारावरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक वळणाबाहेर आला.

त्याने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. खाली रस्ता चिखलबर्फाचा, एवढं वजन घेऊन तो थांबणार कसा? मी लेम्पीचा पट्टा सोडवायला गेले, तिच्या हाताला फिस्टुला, डायलिसिसच्या सुया टोचतात ती शीर, सुजलेली, तिला धक्का लागू नये म्हणून माझी बोटं घसरत होती.

लेम्पी म्हणाली, "सायमे, तू उतर. मला वेळ लागेल."

अगदी साध्या आवाजात. दुकानात रांगेत उभी असताना 'तू हो पुढे' म्हणावं तसं.

मी उतरले नाही. तिचा चांगला हात धरला आणि डोळे मिटले. ट्रक आमच्या मागच्या बंपरला चाटून पलीकडच्या चिखलात घुसला. ड्रायव्हर धावत आला. तुझ्याच वयाचा असेल. "बाई, जिवंत आहात ना? दोघी?" म्हणाला, आमची गाडी कडेला ढकलली, आणि मग रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला. लेम्पीने त्याला थर्मासमधली तिची कॉफी दिली.

'नुसती थरथरेल.'

तू म्हणतोस, सांगून मी ऐकलं नसतं. विचारून तरी बघायचंस. मी ऑगस्टमध्येच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं, दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, चष्मा लावून येता हिवाळा काढा, वसंतानंतर नाही. घरी येऊन मी खूप रडले आणि मग ठरवलं की नाताळात तू येशील तेव्हा किल्ली तुझ्या हातात ठेवायची. काय बोलायचं तेही भांडी घासताना घोळवून ठेवलं होतं. मुलासमोर रडायचं नाही, हसत द्यायची, अशी तयारी चालली होती माझी. माझे पाय, माझं दुकान, माझं चर्च, सगळं त्या गाडीत आहे, वॉरन. ते मी माझ्या हाताने सोडणार होते. एवढं एकच थोर काम या वयात माझ्याकडे शिल्लक होतं आणि तू अंगणात पडल्या पडल्या ब्लेडने ते कापून टाकलंस. वर मी तुला जेवायला घातलं. तू दोनदा वाढून घेतलंस.

पत्रपेटीच्या जागी पोर असतं तर, हे तुझं बरोबर होतं. तेच तू स्वयंपाकघरात बसून, माझ्या तोंडावर म्हणायचं होतंस. भांडलो असतो. मी ताट आपटलं असतं. पण ऐकलं असतं.

नवी नळी मी त्याच दिवशी बसवली. गाडी आता उभी असते तेव्हा चालू आहे की बंद हेही कळत नाही. रविवारी चर्चनंतर ती मी लेम्पीच्या भाचीला, कैसाला, दिली. किल्ली आणि कागद दोन्ही. ती लेम्पीला नेईल, मी शेजारी बसेन. आज पहिल्यांदा बसले. मला उजवीकडच्या सीटवरून आपला रस्ता ओळखू येईना. कैसा चांगली चालवते. थोडी जोरात.

रेनोला काही माहीत नाही. कैसालाही नाही. लेम्पीला वाटतं, गाडी म्हातारी होती म्हणून मध्येच दमली. मी काउंटरवर उभी असायचे तेव्हा शाळेतून तू तिच्या घरी जायचास. तिच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, तुला आंघोळ, तिच्या टेबलावर तुझा अभ्यास. डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या शेजारच्यांना ती अजून "आमचा वॉरन" म्हणून तुझं कौतुक सांगते. मी तिला खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

ते तू सांगायचं आहेस. फोनवर नाही. नाताळात ये, आधी तिच्या घरी जा, तिच्यासमोर बस आणि कुठली नळी, कशाने आणि का कापलीस ते तिला सांग. ती काय म्हणेल मला माहीत नाही. तिने मला ट्रकसमोर 'तू उतर' म्हटलं, तुला काय म्हणेल ते तूच ऐक.

त्यानंतर इकडे यायचं. दार उघडं असेल. आशीर्वाद आहेतच, ते काही मला अडवून धरता येत नाहीत.

'आई' लिहायला या वेळी हात उठत नाही.

सायमा