जुन्या क्रमाला एक मत

३ मार्च, रविवार. सकाळी.

लिही. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. आणि मला वाचता येत नाही, तेव्हा ती अगदी सुरक्षित आहे. नातीला विचारलं, मी बोलेन तसंच उतरवशील ना. म्हणाली, हो आजी, खोकल्यासकट. खोकला गाळ म्हटलं.

संकल्प: यंदा फिल्म क्लबच्या वादात पडायचं नाही. वयाने मी मोठी, घर माझं, ज्या भिंतीवर सिनेमा पडतो ती भिंत माझी. पंचाने तटस्थ असावं.

३ मार्च. संध्याकाळी.

दर रविवारी चौघं येतात. दंतवैद्य, लायब्ररीवाली, विमावाला आणि एक मौनी. मौनी हे त्याचं नाव नव्हे, पण वीस वर्षांत त्याने दुसरं सांगितलेलं नाही. नात आणि मी धरून सहा. सिनेमा मात्र एकच, 'कपाटातलं पाणी'. दुसरा कुणी आणला तर दंतवैद्य चष्मा काढून ठेवतो.

आज पुन्हा लावला. बायको मरते. नवरा रडतो, कपाट उघडतो, आतून पाणी येतं. मग बऱ्याच वेळाने तीच बायको नदीकाठी बसून चादरींना इस्त्री करते, आणि कुणाला त्याचं काहीच नाही. जिन्यात घोडा उभा. नवरा शर्टाची बटणं एकेक करून खातो.

दंतवैद्य म्हणाला, मेल्यानंतर इस्त्री करणारी बाई, हाच या सिनेमाचा प्राण. लायब्ररीवाली म्हणाली, प्राण असेल, पण मधली वीस मिनिटं जीव जातो, आणि बटणं खाणं हा दिग्दर्शकाचा नुसता आगाऊपणा. दंतवैद्य दुखावला. म्हणाला, बटण चावताना त्या नटाच्या दाढेतली चांदी दिसते, ती चांदी म्हणजे चंद्र. लायब्ररीवाली म्हणाली, तुला सगळीकडे दाढाच दिसतात. विमावाला म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. मौनीचं बिस्किट कॉफीत पडलं आणि त्याने तोही मुद्दाच असल्यासारखा चेहरा केला.

शेवटी मला विचारलं. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा असं झालं की. लगेच सगळे गप्प. नेहमीच होतात. आदर असतो. (नातीचं म्हणणं, त्या वेळी सगळ्यांच्या तोंडात बिस्किट असतं. हे तिने आपल्या मनाने लिहिलं. राहू दे.)

हे समोरच्या थिएटरात ऑपरेटर होते. आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे. या सिनेमाच्या वेळी ह्यांचा मदतनीस आजारी पडला, म्हणून तीन आठवडे रिळांचे डबे मीच जिन्यावरून वर नेऊन दिले. क्लबची कॉपीसुद्धा ह्यांनी जोडलेल्या त्याच प्रिंटवरून काढलेली. म्हणजे सिनेमा आमचाच म्हणायचा.

१० मार्च, रविवार.

घात झाला. लायब्ररीवालीने नवी प्रिंट आणली. कुठल्याशा संग्रहालयाने मूळ रिळं शोधून, धुऊनपुसून, दिग्दर्शकाच्या क्रमाने लावली आहेत म्हणे.

पाहिली. यात बायको आधी इस्त्री करते. मग मरते. मग नवरा रडतो, मग पाणी. संपलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीसुद्धा असंच झालं होतं, पाण्याऐवजी गळती होती. घोडा मात्र इथेही जिन्यातच.

दंतवैद्य आपल्याच खुर्चीत बसलेल्या पेशंटसारखा दिसत होता. त्याने 'मृत्यूनंतरची इस्त्री' या विषयावर चाळीस पानांचा लेख लिहिला आहे, दोनदा छापून आला आहे.

लायब्ररीवाली म्हणाली, साधं आहे, आपल्याकडे तिसरं आणि पाचवं रीळ उलटसुलट लागलं होतं, ऑपरेटरची चूक. माझ्या घरात बसून, माझा कप हातात धरून म्हणाली. विमावाला म्हणाला, बरोबर आहे.

माझी तटस्थता पाच वाजून दहा मिनिटांनी संपली.

११ मार्च.

आमच्या ह्यांनी चूक केली असं कुणी म्हणायचं नाही. हे घड्याळाच्या दुकानात जाऊन दुकानदाराचं घड्याळ बरोबर करून येणारे. त्यांनी क्रम बदलला असेल तर विचार करून. डोळा होता त्यांना. दिग्दर्शकाला जे सुचलं नाही ते ह्यांना सुचलं.

हे नातीला सांगितलं. तिने विचारलं, आजोबा असं कधी म्हणाले होते का. मी म्हटलं, मोठे कलावंत बोलत नसतात. ती म्हणाली, मग मौनीकाका फार मोठे असणार. ही मुलगी कुणावर गेली कळत नाही.

१७ मार्च, रविवार.

महिनाअखेरीला लायब्ररीच्या हॉलमध्ये जाहीर खेळ आहे. पुढच्या रांगेत माझी खुर्ची, आणि आधी मी दोन शब्द बोलायचे असं गेल्या वर्षीच ठरलंय. कुठला क्रम दाखवायचा यावर पुढच्या रविवारी चिठ्ठ्या टाकून मतदान. जुना क्रम हरला तर सगळ्या गावासमोर ह्यांचं काम म्हणजे चूक असं ठरेल.

मोजणी केली. दंतवैद्य आपला, त्याची चाळीस पानं आहेत. नात आपली, रक्ताची आहे. मी. विमावाला जो शेवटी बोलेल त्याचा, तेव्हा शेवटी मी बोलणार. मौनीला आज बिस्किटं जास्त दिली. पाच विरुद्ध एक. लायब्ररीवालीचं वाईट वाटायला लागलंय. हरल्यावर तिला फार लावून बोलायचं नाही, असा संकल्प.

२४ मार्च, रविवार. दुपारी.

मतदान झालं. लायब्ररीवालीने चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या, दोन ओळी, समोर दोन चौकोन. नात म्हणाली, आजी, वाचून दाखवू का. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, दोन ओळींतली एक ओळखता न यायला मी काय कुक्कुलं बाळ आहे. माझं मी केलं, घडी घालून टाकलं.

नवा क्रम पाच. जुना क्रम एक.

विमावाल्याने पुन्हा मोजून पाहिलं. पुन्हा पाच, पुन्हा एक.

त्या एकाकडे बघून माझा ऊर भरून आला. एकटी उभी राहिले. बाकी सगळे फितूर.

२४ मार्च. संध्याकाळी.

दंतवैद्य जाताना म्हणाला, काकू, मन मोठं करा, कलेपेक्षा सत्य मोठं. मी म्हटलं, तुझ्या चाळीस पानांचं काय. म्हणाला, नव्या क्रमावर साठ होतील.

त्याच्याकडे ठरलेली कवळी रद्द. आहे तीच घट्ट बसवून घेईन.

२५ मार्च.

रात्रभर विचार केला. दंतवैद्य फिरला, समजलं. विमावाला वाऱ्यावरचा. मौनीकडून बिस्किटांची भरपाई व्हायची नाही. लायब्ररीवाली धरून चार झाले, पण पाच कसे. पाचवं मत कुणाचं.

लिही. जी ही ओळ लिहिते आहे, तिनेच दगा दिला.

लिहिलं तिने. फक्त विचारलं, दगा शब्दानंतर पूर्णविराम हवा का.

२६ मार्च.

लिही. हिला मी अंगाखांद्यावर खेळवलं. हिच्या आईने रागावल्यावर ही माझ्या पदरामागे लपायची. आजोबांचं नाव राखायची वेळ आली तेव्हा हिने लायब्ररीवालीची बाजू घेतली. घरभेदी.

नात म्हणाली, घरभेदी र्‍हस्व की दीर्घ ते बघून सांगते.

२८ मार्च.

आजही तिच्याशी बोलले नाही. रोजनिशीपुरतं बोलले, ते धरायचं नाही. तिने औषध आणून दिलं, पायाला शेक दिला. अपराधी माणसं अशीच गोड वागतात.

२९ मार्च, शुक्रवार.

खेळाची पत्रकं छापून आली. नातीकडून वाचून घेतलं. 'पूर्वीच्या ऑपरेटरच्या चुकीमुळे बिघडलेला क्रम या प्रतीत दुरुस्त केला आहे.' चूक. छापून. दीडशे प्रती.

तशीच उठून लायब्ररीत गेले, नात पाठोपाठ. काउंटरवर उभी राहून लायब्ररीवालीला म्हटलं, चिठ्ठ्या दाखव. म्हणाली, काकू, मत गुप्त असतं. मी म्हटलं, माझ्यापासून नसतं. तिने पाकीट काढलं. दोन वेगळे ढीग कर म्हटलं. तिने केले.

जुन्या क्रमाची ती एकटी चिठ्ठी मी हातात घेतली. तिच्यावर हिरव्या शाईची बरोबरची खूण. हिरवं पेन नातीचं. ही रोजनिशी ती त्यानेच लिहिते.

दुसऱ्या ढिगात चार खुणा निळ्या, बरोबरच्या. पाचव्या चिठ्ठीवर वरच्या चौकोनात एक गोल. अंड्यासारखा, शेवटी न जुळलेला. मला बरोबरची खूण जमत नाही. गोल मी काढते.

लायब्ररीवालीने वरच्या ओळीत नवा क्रम लिहिला होता. मी धरून चालले होते, की जुनं ते वर असणार. वडिलकीला वरची जागा असते.

नातीकडे पाहिलं. ती पुस्तकांच्या कपाटाकडे बघत होती. पाच दिवस मी तिला दगाबाज म्हणून तिच्याच हातून लिहून घेतलं, आणि ती शुद्धलेखन तपासत होती.

२९ मार्च. संध्याकाळी.

जेवले नाही. भूक नव्हती. थोडं खाल्लं.

आकडे मला येतात. डब्यांवर आकडे असते तर प्रश्नच नव्हता. कंपनीने तिसरे, पाचवे असं अक्षरांत लिहून पाठवलं होतं. ह्यांना विचारलं असतं, तर खाली तिकीटवाला आणि गेटकीपर ऐकत होते. मग मी माझ्या अकलेने लावले. एक डबा गंजलेला होता. गंजलेला म्हणजे जुना, जुना तो आधी.

हे लिहू नकोस म्हटलं. तोवर लिहून झालं होतं.

३० मार्च.

संकल्प: उद्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर खरं सांगायचं. चूक ह्यांची नव्हती. थोडी लाज वाटेल, पण लोक खरेपणाची कदर करतात. दंतवैद्याला शरम वाटेल. लायब्ररीवाली पत्रक मागे घेईल. भाषण पाठ केलं, चार वाक्यांचं. नातीने ऐकलं. तिचे डोळे ओले झाले, तेव्हा भाषण चांगलं असणार.

३१ मार्च, रविवार. दुपारी.

झालं.

पुढच्या रांगेतून उठले, माईक घेतला. म्हटलं, डबे उलटे मी दिले. मला अक्षर येत नाही. गंजलेला मी आधी दिला. आमच्या ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मग टाळ्या. उभं राहून.

दंतवैद्याने माईक घेतला. म्हणाला, काकूंनी चार वाक्यांत या सिनेमाचं मर्म सांगितलं, उलटा डबा म्हणजे स्मृती, गंज म्हणजे काळ. लायब्ररीवाली म्हणाली, अक्षर न येणं ही प्रतिमा तर विलक्षण आहे. विमावाला म्हणाला, बरोबर आहे. मी म्हटलं, अहो, खरंच डबे. जिन्यातून. तर मागून कुणीतरी म्हणालं, आणि जिन्यात घोडा. पुन्हा टाळ्या.

मौनी जवळ आला. वीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, काकू, जरा बाजूला होता का, प्रोजेक्टरचा उजेड तुमच्यावर पडतोय.

सिनेमा संपल्यावर लोकांनी पत्रकं घड्या घालून खिशात ठेवली. ऑपरेटरची चूक घराघरांत गेली.

३१ मार्च. संध्याकाळी.

नातीने विचारलं, आजी, आजोबा तर प्रोजेक्टरच्या खोलीतल्या भोकातून रोज पडदा बघायचे ना. मी म्हटलं, बघायचेच, काम होतं त्यांचं. ती म्हणाली, आधी मेलेली बाई मग इस्त्री करते. त्यांना कळलं नसेल का.

मी म्हटलं, कळलं असतं तर बोलले नसते का.

मग बोटांवर मोजलं.

रोज एक खेळ, तीन आठवडे. एकवीस खेळ. एकवीस वेळा ह्यांनी त्या अरुंद जिन्यावर उभं राहून माझ्या हातातून चुकीचा डबा घेतला. जन्मभर शेजारी बसून जेवले, आणि एक शब्द सांगितला नाही. क्लबात मी पाच फितूर शोधत होते. एवढा मोठा दगा त्यांतल्या एकालाही जमला नसता.

डबा घेताना एवढंच म्हणायचे, सावकाश ये, घाई नाही.