वरच्या ओठाखालची पांढरी रेघ

प्रिय सूनबाई,

एका गल्लीच्या अंतरावर राहून सासूने सुनेला पत्र लिहावं, हे जरा अतीच झालं. पण काल दातांच्या दवाखान्यातून आल्यापासून तू राजीनाम्याचा जो धोशा लावला आहेस, त्यापुढे माझं तोंडच उघडेना. आपल्या ठमीच्या वरच्या दोन दातांवर हिरडीलगतची पांढरी रेघ म्हणजे किडीची सुरुवात निघाली, आणि तू ठरवून मोकळी झालीस की आपलंच लक्ष कमी पडलं, आता नोकरी सोडून घरी बसायचं.

तुझं लक्ष कमी पडलं? अगं, पोरीला एकही दात नव्हता तेव्हा तू माझ्याकडून मलमलीचे चौदा तुकडे शिवून घेतलेस, दूध पाजून झालं की हिरड्या पुसायला. मी शिलाई मशीनवर बसून मनातल्या मनात हसत होते. बोळक्या तोंडाची एवढी बडदास्त! आमच्या वेळी दुधाचे दात काय, पडणारच आहेत, म्हणून सोडून द्यायचे. तुझ्या नवऱ्याच्या दोन दाढा सातव्या वर्षीच काढाव्या लागल्या, हे मी तुला कधी सांगितलं नाही. पहिला दात टोचला त्याच दिवशी तू मऊ ब्रश आणलास, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. ठमी लाथा झाडायची, तू गाणं म्हणायचीस. किती बेसूर गातेस गं! पण पोरगी आ वासून ऐकायची, आणि तेवढ्यात तुझं काम उरकायचं.

आणि दर रविवारी तिला खिडकीशी नेऊन ओठ वर करून बघणं! दिवसभर चष्म्याची भिंगं घासणारीची नजर ती. मला दाखवूनही रेघ दिसेना. डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणाल्या, इतक्या लवकर कोणी आणत नाही, अजून खड्डा पडलेला नाही, फ्लोराइडचा लेप लावू, गोड बंद ठेवा, इथेच थांबेल. मला तुझा केवढा अभिमान वाटला! मग त्यांनी विचारलं, बाटलीतून गोड काही देता का? तू ठामपणे नाही म्हणालीस. मी पिशवीचा बंद बांधत-सोडत बसले.

तू कामावर गेलीस की ठमी माझ्याकडे असते, आणि दुपारी साधं दूध दिलं की रडून आकांत करायची. म्हणून गेले चार महिने मी बाटलीत दोन चमचे साखर घालत होते, आणि बाटली तोंडात असतानाच तिला झोपू देत होते. तू बजावलं होतंस, तरी. आईंकडे पोर कशी शहाण्यासारखी झोपते, हे तू सगळ्यांना सांगायचीस. ते कौतुक मला सोडवेना.

तेव्हा तो राजीनामा फाडून टाक. माझ्यावर विश्वास उरला नसेल तर पाळणाघर बघ, मी रागावणार नाही. पण माझ्या चुकीपायी तुझी नोकरी जाऊ देऊ नकोस. आज बाटली कचऱ्यात टाकली आणि पेल्याने साधं दूध पाजलं. मग मलमल भिजवून दात पुसले, तुझंच गाणं म्हणत. पाऊण तास रडली आणि माझ्या खांद्यावर झोपली. रविवारी तिचा ओठ वर करशील तेव्हा मला बोलावशील का? या वेळी मला ती रेघ नीट बघायची आहे.

तुझीच,
आई